घरचा छापखाना आणि कॉलेजचा कारभार



वार्षिक स्मरणिका हाती पडली की आपण प्रथम काय पाहता? बहुधा आपल्या पाल्याचे छायाचित्र, मग निकालाचे तक्ते, मग देणगीदारांची यादी आणि वेळ उरलाच तर कार्यवाहांचा अहवाल. अहवालात संस्थेची प्रगती नोंदलेली असते व ती असावीच. परंतु शिक्षणसंस्थांचा इतिहास केवळ अहवालांनी घडत नाही. अहवालाबाहेरचेही काही कागद असतात. ते कोणी मागवलेले नसतात, त्यांना कोणाची मंजुरी नसते आणि ते वाचताना कार्यालयातील मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात. अशाच एका कागदाचा इतिहास आज आपल्यापुढे ठेवायचा आहे. तो आहे दूर अमेरिकेतला. पण त्यात जो प्रश्न गुंतला आहे तो आपल्या दारातला आहे, हे लेख वाचता वाचता आपल्या ध्यानात येईलच.

काचेच्या गावातील कॉलेज

अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यात ग्लासबरो नावाचे एक लहानसे गाव आहे. १८व्या शतकात तेथे काचेचे कारखाने निघाले व त्यावरूनच गावाला हे नाव मिळाले. या गावात १९२३ साली शिक्षक तयार करणारे एक विद्यालय सुरू झाले. आपल्याकडे ज्याला अध्यापक विद्यालय म्हणतात, तशाच स्वरूपाची ती संस्था होती. पुढे तिचा विस्तार झाला आणि १९५८ पासून ती ‘ग्लासबरो स्टेट कॉलेज’ या नावाने ओळखली जाऊ लागली.

हे नाव एकदाच जगाच्या तोंडी आले. जून १९६७ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन व सोव्हिएत रशियाचे पंतप्रधान अलेक्सी कोसिजिन यांची भेट याच कॉलेजच्या आवारात, ‘हॉलीबुश’ नावाच्या कॉलेज-अध्यक्षांच्या निवासस्थानी झाली. दोन महासत्तांचे प्रमुख येथे बोलून गेले आणि कॉलेज पुन्हा आपल्या तासिका, परीक्षा व परिपत्रके यांत बुडून गेले.

त्यानंतर दहा वर्षांनी, १९७७ च्या जानेवारीत, कॉलेजमध्ये एक छोटेखानी पत्रक फिरू लागले. त्याचे नाव ‘द अंडरग्राउंड ग्रॅमेरियन’, म्हणजे भूमिगत वैयाकरणी. हे पत्रक काढणारे गृहस्थ होते त्याच कॉलेजातील एक प्राध्यापक, रिचर्ड मिचेल. पत्रकाला कॉलेजची परवानगी नव्हती. कॉलेजात मातृभाषेचे रक्षण करणारे हे अनधिकृत नियतकालिक आहे, असे ते स्वतःच मोठ्या दिमाखात सांगत असे. विशेष मौज अशी की मिचेल स्वतःला संपादक म्हणवून घेत नसत. पत्रकात ते ‘साहाय्यक वितरण व्यवस्थापक’ म्हणून वावरत! कॉलेजात पदनामांचा जो सुकाळ माजला होता, त्याला हे उत्तर होते असे मानायला हरकत नाही.

खिळे जुळवणारा प्राध्यापक

मिचेल हे पत्रक आपल्या घरी, जुन्या पद्धतीच्या छापयंत्रावर छापत. ज्यांनी खिळ्यांची छपाई पाहिली आहे, त्या वडीलधाऱ्या वाचकांना याचा अर्थ सांगावयास नको. विद्यार्थी मित्रांसाठी मात्र दोन शब्द लिहितो. संगणक येण्यापूर्वी प्रत्येक अक्षराचा शिशाचा एकेक खिळा असे. असे खिळे लाकडी खणांतून उचलून, एकापुढे एक लावून ओळ तयार करावी लागे. अक्षर खिळ्यावर उलटे असते. त्यामुळे जुळाऱ्याला उलटे वाचण्याची सवय करावी लागते. ओळी झाल्या की पान बांधायचे, शाई लावायची, दाबायचे. छापून झाले की तेच खिळे पुन्हा वेगळे करून ज्याच्या त्याच्या खणात टाकायचे.

या कामात एक गोष्ट आपोआप घडते. एका निरर्थक शब्दासाठी आठ-दहा खिळे उचलावे लागतात हे कळले की माणूस निरर्थक शब्द टाळू लागतो. लेखणीला किंवा टंकलेखन यंत्राला फुकटचे शब्द स्वस्त पडतात. बोटांना ते महाग पडतात. मिचेल यांची भाषा घोटीव व टोकदार झाली, त्यात या खिळ्यांचाही वाटा असावा.

पण घरच्या छापखान्याचे याहून महत्त्वाचे कारण होते. जो कागद कॉलेजच्या कार्यालयात, कॉलेजच्या यंत्रावर, कॉलेजच्या पैशाने छापला जातो, तो कोणाला ना कोणाला आधी दाखवावा लागतो. स्वतःच्या घरी, स्वतःच्या पैशाने छापलेला कागद कोणालाच आधी दाखवावा लागत नाही. वृत्तपत्रांच्या इतिहासात ही गोष्ट पुनःपुन्हा दिसून येते: जो यंत्राचा मालक, तोच शेवटी मजकुराचा मालक.

पत्रकात असे काय होते?

त्यात राजकारण नव्हते, कोणाच्या खाजगी आयुष्याची लफडी नव्हती, पगारवाढीची मागणी नव्हती. पद्धत अगदी साधी होती. कॉलेजचे अधिकारी, विभागप्रमुख व सहकारी प्राध्यापक जी परिपत्रके, टिपणे व प्रस्ताव लिहीत, त्यांतील एखादा उतारा मिचेल जसाच्या तसा, लिहिणाराचे नाव देऊन, छापत. मग त्याखाली त्या उताऱ्याची शस्त्रक्रिया होई. या वाक्याचा कर्ता कोठे गेला? हे क्रियापद कोणाचे? हा भारदस्त शब्द काढून टाकला तर काय उरते? बहुतेक वेळा उरत काहीच नसे. वाचणारा खदखदून हसे व ज्याचा उतारा असे त्याला घाम फुटे.

हे लिखाण सभ्य नव्हते. ते टवाळ होते, बेमुर्वत होते, आणि कित्येकदा निष्ठूरही होते. पण त्यामागे एक गंभीर सिद्धांत होता. मिचेल यांचे म्हणणे असे की भाषा ही विचाराची केवळ पोषाखी बाजू नव्हे. ज्याला आपले म्हणणे नीट मांडता येत नाही, त्याने ते नीट विचारात आणलेलेच नसते. आणि शिक्षण देणारा माणूसच जर असा असेल, तर त्याच्या हाताखालून जाणारी मुले काय शिकतील? ती हेच शिकतील की मोठे होणे म्हणजे मोठमोठे शब्द वापरून काहीच न सांगणे.

थोड्याच काळात पत्रकाची कीर्ती कॉलेजच्या कुंपणाबाहेर गेली. देशाच्या निरनिराळ्या भागांतून शिक्षक व पालक आपापल्या शाळा-कॉलेजांतील असेच नमुने मिचेल यांच्याकडे पाठवू लागले. ग्लासबरोचा रोग हा केवळ ग्लासबरोचा नाही, हे त्यातून उघड झाले. १९७९ मध्ये त्यांचे ‘लेस दॅन वर्ड्स कॅन से’ हे पुस्तक निघाले. पाठोपाठ १९८१ मध्ये ‘द ग्रेव्हज ऑफ अकॅडेम’, १९८४ मध्ये ‘द लीनिंग टॉवर ऑफ बॅबेल’ आणि १९८७ मध्ये ‘द गिफ्ट ऑफ फायर’. जॉनी कार्सन यांच्या दूरचित्रवाणीवरील अत्यंत लोकप्रिय कार्यक्रमातही या खेड्यातल्या प्राध्यापकाला बोलावणे आले. पत्रक सुमारे पंधरा वर्षे चालले. मिचेल २००२ साली निवर्तले.

काच कोणी फोडली?

मिचेल यांचा सर्वात मोठा राग होता तो कर्ता लपवणाऱ्या वाक्यरचनेवर. आपल्या पहिल्या पुस्तकाच्या आरंभीच ते एका सहकाऱ्याची हकिकत सांगतात. हा गृहस्थ पूर्वी साध्या, मोकळ्या भाषेत चिठ्ठी लिहीत असे. पुढे त्याला तात्पुरत्या स्वरूपात एक अधिकारपद मिळाले आणि त्याच्या चिठ्ठ्या एकाएकी बदलल्या. आता तो काही करीत नव्हता, काही सांगत नव्हता. सर्व काही ‘होत’ होते, ‘कळविले जात’ होते. त्याच पुस्तकात मिचेल यांनी एक काल्पनिक जमातही रंगवली आहे. तिच्या भाषेत माणसे काहीच करीत नाहीत, सारे काही त्यांच्या बाबतीत घडून येते.

हे वाचून आपण हसू नये. हा रोग इंग्रजीपुरता मुळीच नाही. आपल्या मराठीत त्याची काय अवस्था आहे, ते पाहा.

शाळेत आपण प्रयोग शिकतो. ‘मुलगा काच फोडतो’ हा कर्तरी प्रयोग. ‘मुलाने काच फोडली’ हा कर्मणी. येथे क्रियापद कर्माच्या मागे जाते खरे, पण मुलगा वाक्यातच उभा असतो. तो पळून गेलेला नसतो. मराठीचा कर्मणी प्रयोग मोठा प्रामाणिक आहे. आता कार्यालयात या. तेथे लिहितात, ‘काच फोडण्यात आली.’ मुलगा नाहीसा झाला! आणखी वरच्या पायरीवर गेलात तर, ‘काच फुटल्याचे निदर्शनास आले.’ आता मुलगा तर नाहीच, पण पाहणाराही नाही. काच आपली आपण फुटली आणि आपोआप कोणाच्या तरी निदर्शनास आली.

घरात लहान मूल जेव्हा ‘काच फुटली’ असे म्हणते, तेव्हा आपण त्याला लगेच विचारतो, ‘फुटली की फोडली? कोणी फोडली?’ त्याने खरे सांगावे अशी आपली अपेक्षा असते, आणि त्यालाच आपण संस्कार म्हणतो. मग तेच मूल शिकून-सवरून खुर्चीवर बसले की त्याने ‘फुटल्याचे निदर्शनास आले’ असे लिहावे, ही शिकवण त्याला कोण देते? ती कोणत्याही क्रमिक पुस्तकात नसते. ती आपण सर्व मिळून देत असतो.

आता नमुना म्हणून एक पत्र घ्या. पालकाने विचारले आहे की मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज पुढे गेला का? उत्तर येते: ‘उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, प्रस्तुत प्रकरणी सर्व बाबींचा साकल्याने विचार करून योग्य ती कार्यवाही यथावकाश करण्यात येईल.’ या वाक्यात व्याकरणाची एकही चूक नाही. पण त्यात कोण आहे? कोणी नाही. केव्हा? कळत नाही. काय? तेही कळत नाही. हेच पत्र असे लिहिता आले असते: ‘आपल्या मुलीचा अर्ज आमच्याकडे राहून गेला आहे. आमचे मुख्य लिपिक तो सोमवारी जिल्हा कार्यालयात नेऊन देतील.’ दुसरे पत्र लहान आहे, सोपे आहे. मग ते का लिहिले जात नाही? कारण दुसऱ्या पत्रात ‘आमच्याकडे राहून गेला’ हे कबूल करावे लागते आणि सोमवार हा वार द्यावा लागतो. उद्या मंगळवारी पालक येऊन विचारू शकतो. पहिल्या पत्रावर कोणालाच, कधीच, काहीच विचारता येत नाही.

पालकहो, अवघड भाषा ही नेहमी विद्वत्तेची खूण नसते. कित्येकदा ती कुलपाची किल्ली लपवण्याची युक्ती असते. आपल्या समाजात तर याची झळ अधिक लागते. आपल्यापैकी कित्येकांचे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले आहे, कित्येकांना पहिल्याच इयत्तांतून शाळा सोडावी लागली आहे. असे पत्र हाती आले की असा पालक मान खाली घालून परत जातो. त्याला वाटते की आपलेच शिक्षण कमी पडले. खरे म्हणजे तेथे समजण्यासारखे काही लिहिलेलेच नसते! आणि लक्षात घ्या, साध्या शब्दांची मराठीत काही वाण नाही. अर्ज, तक्रार, मंजुरी, खुलासा, हजेरी हे सारे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले व असे मुरले की शेतावरचा माणूसही ते सहज बोलतो. ‘तुमचा अर्ज मंजूर झाला’ हे वाक्य कोणाला समजत नाही?

दुसरी बाजू

इतिहास लिहिताना एकाच बाजूचे गोडवे गाणे बरे नव्हे. मिचेल यांच्या सर्वच म्हणण्याला मान डोलवावी असे नाही.

अमेरिकन शिक्षणाची घसरण कोठून सुरू झाली, याचा शोध त्यांनी ‘द ग्रेव्हज ऑफ अकॅडेम’ या पुस्तकात घेतला आहे. १८९२ साली तेथील राष्ट्रीय शिक्षण संघटनेने दहा जणांची समिती नेमली होती. हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट हे तिचे प्रमुख होते. या समितीचे मत असे पडले की, मूल पुढे कॉलेजात जाणारे असो वा नसो, शाळेत शिकवला जाणारा प्रत्येक विषय सर्वांना सारख्याच कसोशीने शिकवावा. पुढे १९१३ साली दुसरे मंडळ नेमण्यात आले व १९१८ मध्ये त्याने माध्यमिक शिक्षणाची सात ‘मुख्य तत्त्वे’ जाहीर केली: आरोग्य, मूलभूत कौशल्ये, कुटुंबातील कर्तव्य, व्यवसाय, नागरिकत्व, फुरसतीचा सदुपयोग आणि नैतिक चारित्र्य. या सातांत ज्ञान आणि विद्या कोठेतरी दुसऱ्या तत्त्वाच्या पोटात गेली, अशी मिचेल यांची तक्रार आहे. ख्रिस्ती परंपरेत सात घोर पापे सांगितली आहेत. त्या चालीवर त्यांनी या सात तत्त्वांची भरपूर टिंगल केली.

टिंगल चुरचुरीत आहे. परंतु त्या दोन समित्यांच्या दरम्यान अमेरिकेत काय घडत होते, तेही पाहिले पाहिजे. १८९० साली तेथील सार्वजनिक माध्यमिक शाळांत सुमारे २ लाख मुले होती. १९२० साली ती सुमारे २२ लाख झाली. ज्यांच्या घराण्यात कोणी शाळेचे तोंड पाहिले नव्हते अशी मुले, गिरणीकामगारांची, शेतकऱ्यांची, परदेशातून आलेल्यांची मुले, शाळेच्या दारात उभी होती. त्यांच्यासाठी शाळा कशी असावी हा प्रश्न खरा होता, आणि पहिल्या पिढीचे शिक्षण ज्या समाजाने पाहिले आहे त्याला तो समजावून सांगण्याची गरज नाही. आरोग्य, धंदा, नागरिकत्व यांचा विचार करणारी माणसे काही मूर्ख नव्हती.

दुसरी गोष्ट नावांची. सहकाऱ्याचे नाव छापून त्याचा उपहास करणे कितपत योग्य? ज्याचा उतारा छापला जाई, तोही उद्या त्याच आवारात, त्याच वर्गात उभा राहणार होता. मिचेल यांच्या बाजूने एवढे सांगता येईल की त्यांचा नेम शिकवणाऱ्यांवर व कारभार पाहणाऱ्यांवर असे. ज्याने पगार घेऊन दुसऱ्याला लिहायला शिकवण्याचे काम पत्करले आहे, त्याच्या लिहिण्याची तपासणी होणे गैर नाही. शिकणाराच्या चुकीला हसणे हा क्रूरपणा आहे. शिकवणाराच्या चुकीवर बोट ठेवणे ही काही वेळा जनसेवा ठरते. हा फरक आपण सर्वांनी पक्का लक्षात ठेवावा असा आहे.

त्यांची नोकरी का गेली नाही?

आता या इतिहासातील सर्वात महत्त्वाच्या प्रश्नाकडे वळू. सतत पंधरा वर्षे आपल्याच संस्थेच्या कारभाराची खिल्ली उडवणारा हा प्राध्यापक नोकरीत राहिला कसा?

कारण याआधी असे सहसा घडले नव्हते. आपल्याच देशातले उदाहरण घ्या. कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजात हेन्री डेरोझिओ नावाचा एक तरुण शिक्षक होता. प्रत्येक गोष्टीला ‘का?’ असे विचारायला तो विद्यार्थ्यांना शिकवी. विद्यार्थ्यांनी १८३० मध्ये ‘पार्थेनॉन’ नावाचे नियतकालिक काढले, ते एका अंकातच बंद पाडण्यात आले. (पाहिलेत? ‘बंद पाडण्यात आले’ असे मीही लिहून गेलो. कर्ता सांगितला पाहिजे. ते कॉलेजच्या वरिष्ठांनी बंद पाडले.) पुढे पालकांच्या तक्रारी वाढल्या, कित्येकांनी मुले काढून घेतली आणि एप्रिल १८३१ मध्ये व्यवस्थापकांनी डेरोझिओला कॉलेज सोडणे भाग पाडले. त्याने ‘ईस्ट इंडियन’ नावाचे वृत्तपत्र काढले. पण त्याच वर्षीच्या डिसेंबरात पटकीने तो वारला. वय अवघे २२! आज बंगालच्या नवजागृतीचा इतिहास त्याच्या नावावाचून लिहिता येत नाही. त्याला काढणाऱ्या व्यवस्थापकांपैकी बहुतेकांची नावे मात्र अभ्यासकांखेरीज कोणाला ठाऊक नाहीत.

दुसरे उदाहरण जर्मनीतले. हॅनोव्हरच्या राजाने १८३७ साली राज्यघटना रद्द केली, तेव्हा गॉटिंगेन विद्यापीठाच्या सात प्राध्यापकांनी लेखी निषेध केला. आम्ही त्या घटनेची शपथ घेतली आहे, ती राजाच्या शब्दाने सुटत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. विद्यार्थ्यांनी त्या पत्राच्या नकला करून त्या दूरवर पोहोचवल्या. राजाने सातही जणांना बडतर्फ केले व तिघांना राज्याबाहेर घालवले. या सातांत परीकथा जमवणारे ग्रिम बंधू होते. त्यांपैकी याकोब ग्रिम हा जर्मन भाषेचा थोर वैयाकरणी. सातांतला आणखी एक, हाइन्रिख एवाल्ड, याने अरबी भाषेचे व्याकरण लिहिले होते. वैयाकरण्यांचे आणि सत्तेचे कोठेतरी वैर असावे असे वाटते! नोकरी गेल्यावर ग्रिम बंधूंनी जर्मन भाषेचा महाकोश हाती घेतला. तो त्यांच्या हयातीत पुरा होणे शक्यच नव्हते. तो पुरा व्हायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

डेरोझिओ गेला, गॉटिंगेनचे सात गेले, आणि मिचेल राहिले. याचे कारण मिचेल अधिक सौम्य होते असे नाही. ते तर फारच तिखट होते. कारण असे की मधल्या काळात शिक्षकांनी आपल्या रक्षणाची व्यवस्था उभी केली होती. १९१५ साली अमेरिकेत विद्यापीठीय प्राध्यापकांची संघटना स्थापन झाली. १९४० मध्ये तिने कॉलेजांच्या संघटनेबरोबर मिळून अध्यापन-स्वातंत्र्याचे व नोकरीच्या शाश्वतीचे तत्त्व लिहून काढले. नागरिक या नात्याने बोलणाऱ्या-लिहिणाऱ्या शिक्षकावर संस्थेने सेन्सॉर बसवू नये, असे त्यात म्हटले आहे. त्याचबरोबर शिक्षकाने अचूक बोलावे, संयम राखावे, दुसऱ्याच्या मताचा मान ठेवावा व आपण संस्थेच्या वतीने बोलत नाही हे स्पष्ट करावे, असेही सांगितले आहे. शेवटची अट मिचेल यांनी काटेकोरपणे पाळली, हे कोणीही मान्य करील. संयमाविषयी मात्र न बोललेले बरे!

आपल्या राज्यापुरते पाहायचे तर, ज्या १९७७ साली हे पत्रक निघाले त्याच सालच्या कायद्याने महाराष्ट्रातील खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवेच्या शर्तींना संरक्षण मिळाले. चौकशीवाचून कायम शिक्षकाला काढता येत नाही व काढल्यास त्याला शाळा न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. हा कायदा सेवेच्या शर्तींचा आहे, लेखनाच्या परवान्याचा नव्हे, हे खरे. परंतु ज्याच्या डोक्यावर रोज टांगती तलवार असते, तो शिक्षक टीका तर सोडाच, शंकासुद्धा विचारीत नाही. आणि शंका न विचारणारा शिक्षक वर्गात मुलांना शंका विचारू देईल, अशी अपेक्षा कशी करावी?

कॉलेजचे काय झाले?

आपण म्हणाल, अशा टवाळीने संस्थेची बेअब्रू झाली असेल, देणग्या आटल्या असतील. तसे काही झाले नाही. १९९२ मध्ये हेन्री रोवन नावाच्या उद्योगपतीने व त्यांच्या पत्नीने या कॉलेजला १० कोटी डॉलर्सची देणगी दिली. सार्वजनिक कॉलेजला तोवर इतकी मोठी देणगी क्वचितच मिळाली असेल. कॉलेजने त्यांचे नाव धारण केले आणि १९९७ मध्ये ते रोवन विद्यापीठ झाले. देणगी पत्रकामुळे मिळाली असा माझा दावा नाही. माझे म्हणणे इतकेच की पंधरा वर्षांच्या थट्टेने संस्था बुडाली नाही. ज्या संस्थेचा पाया पक्का असतो, ती थट्टेने बुडत नाही. जी थट्टेने बुडते, तिचा पाया तपासून घ्यावा.

तात्पर्य

शिक्षणसंस्था चालवणे किती कठीण आहे, हे आपण सर्व जाणतो. जमीन मिळवणे, इमारत बांधणे, मान्यतेसाठी हेलपाटे घालणे, अनुदानाची वाट पाहणे. पै-पै गोळा करून ज्यांनी संस्था उभी केली, त्यांना टीका झोंबते यात नवल नाही. ‘एवढे केले आणि वर हे ऐकायचे?’ असे त्यांना वाटते. पण संस्था ही इमारत बांधणाऱ्यांची जेवढी, तेवढीच तिच्या वर्गात रोज उभे राहणाऱ्यांची आणि बाकावर बसणाऱ्यांचीही असते. घरातला माणूस चूक दाखवतो तेव्हा ती दुरुस्त होण्याची आशा असते. तो गप्प झाला की मग बाहेरचाच दाखवतो, आणि तोवर बहुधा उशीर झालेला असतो.

म्हणून तीन विनंत्या करून लेख आवरतो.

संचालकांना विनंती ही की, पालकांना कोणतीही सूचना पाठवण्यापूर्वी ती एखाद्या कमी शिकलेल्या पालकाला वाचून दाखवावी. त्याला न समजल्यास दोष त्याचा मानू नये. सूचना पुन्हा लिहावी. आणि एखाद्या शिक्षकाने कारभारातील उणीव लेखणीने दाखवली, तर त्याची सेवापुस्तिका काढण्याआधी उणीव खरी आहे का ते पाहावे.

पालकांना विनंती ही की, न समजलेला कागद घडी घालून खिशात ठेवू नये. सरळ कार्यालयात जाऊन विचारावे, ‘हे कोण करणार? केव्हा करणार?’ हे दोन प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. डेरोझिओच्या कॉलेजात पालक जमले ते शिक्षकाला घालवण्यासाठी. आपण जमायचे तर शिक्षकाला निर्भय करण्यासाठी जमू या.

आणि विद्यार्थी मित्रांनो, आपल्याला विनंती ही की, उद्या आपल्यापैकी कोणी शिक्षक होईल, कोणी लिपिक, कोणी तहसीलदार, कोणी याच संस्थेचा कार्यवाह. त्या दिवशी हाताखाली कोरा कागद येईल आणि काहीतरी चुकलेले असेल. तेव्हा पहिल्या वाक्यात कर्ता लिहा. तो कर्ता आपण स्वतः असलात, तरीही लिहा.